थिजलेले हात आणि तीन स्त्रिया

जळोची, बारामती, इंदापूर या आपल्या पट्ट्यात एखाद्या घरचा कर्ता माणूस एकाएकी कोसळला आणि त्याची एक बाजू लुळी पडली, की "अंगावरून वारे गेले" असे म्हणतात. वास्तविक वाऱ्याचा येथे काडीचाही संबंध नसतो. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबलेली असते किंवा फुटलेली असते. रुग्णालयाने प्राण वाचविले, माणूस घरी आला, म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो : हा हात पुन्हा भाकरीचा घास तोंडापर्यंत नेईल काय? या प्रश्नाच्या उत्तरात स्त्रियांचा वाटा किती मोठा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून तीन स्त्रियांची आठवण आम्ही येथे जागवीत आहोत.

पहिली ऑगस्टा देजरिन-क्लुंपके. १८५९ मध्ये अमेरिकेत जन्मलेली ही मुलगी वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेली, तेव्हा तेथील रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर म्हणून स्त्रियांना प्रवेश नव्हता. पुढे दार उघडले, ते अनेकांच्या विरोधाला तोंड देतच. १८८५ मध्ये तिने खांद्याजवळील मज्जातंतूंच्या जाळ्याचा खालचा भाग दुखावल्याने पंजा कसा लुळा पडतो, याचे अचूक वर्णन केले. त्या विकाराला आजही तिचेच नाव आहे. १९१४ मध्ये ती फ्रान्सच्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेची अध्यक्ष झाली आणि पहिल्या महायुद्धात जायबंदी सैनिकांच्या सेवेत गढून गेली.

दुसरी आपल्याच देशाची. चेन्नईच्या डॉ. टी. एस. कनका यांचा जन्म १९३२ चा. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सैन्यात सेवा केली आणि १९६८ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेतील सर्वोच्च पदवी मिळवून त्या भारताच्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन ठरल्या. कवटी उघडून मेंदूला हात घालण्याचे काम बाईचे नव्हे, अशी समजूत तेव्हा जगभर होती. त्या काळी अशा स्त्रिया साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मेंदूच्या खोल भागात नेमकेपणाने पोहोचण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांनी नाव मिळविले. आयुष्यात शंभराहून अधिक वेळा रक्तदान करणाऱ्या या डॉक्टरीणबाई २०१८ मध्ये निवर्तल्या.

तिसरीचे नाव तर आपल्या शेजारीच आहे. बारामतीहून नीरा नदी ओलांडून फलटणला गेले, की 'कमला निंबकर बालभवन' ही १९८६ मध्ये सुरू झालेली मराठी शाळा लागते. ज्यांचे नाव या शाळेला दिले, त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी. १९०० मध्ये जन्मलेल्या या बाई विष्णू निंबकरांशी विवाह करून भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. पुढे चाळिशी उलटल्यावर, ज्या वयात माणसे नवे काही शिकण्याचा नाद सोडतात त्या वयात, त्या अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शास्त्र शिकून आल्या. १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. भारतात अशी शाळा तोवर नव्हती. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचेही नाव लागले. या दोन्हींमागे कमलाबाईंचे परिश्रम होते. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

व्यवसायोपचार म्हणजे काय? सदऱ्याची गुंडी लावणे, जाड मुठीचा चमचा धरणे, पेला उचलणे, हातमागावर धोटा फिरविणे, अशी रोजची साधी कामे पायरीपायरीने पुन्हा शिकविणे. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. परंतु पुनःपुन्हा सराव केला, तर शेजारचे धडधाकट भाग त्याचे काही काम उचलतात. त्या काळी घरोघरी मुलांना पांगळे करणारा पोलिओ हाही मज्जारज्जूचाच आजार. अशा मुलांपुढेही हाच प्रश्न होता : उरलेल्या शक्तीवर जगावे कसे?

शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिला जातो, परंतु गुंडी लावायला शिकविणाऱ्या हातांचा इतिहास कोणी लिहीत नाही. ते काम हलके समजले गेले, आणि बहुधा बायकांचे म्हणूनच हलके समजले गेले. आम्हांस हा भेद मान्य नाही. कनकाबाईंनी पुरुषांचे मानलेले काम करून दाखविले. कमलाबाईंनी बायकांचे मानलेले काम शास्त्राच्या पदवीस नेले. रुग्णाला दोघींचीही गरज असते.

यातून आपल्या घरांनी दोन गोष्टी घ्याव्यात. तोंड वाकडे झाले, हात गळला, बोबडी वळली, तर तेलपाणी आणि मालिश यांत वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि रुग्ण घरी आल्यावर प्रेमापोटी त्याचे सारेच आपण करू नये. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने जेवण्यास मुभा दिली असेल, तर सून किंवा लेक ताट पुढे ठेवून क्षणभर थांबली पाहिजे. घास सांडेल, सदरा खराब होईल, भरवून मोकळे व्हावे असे वाटेल; परंतु त्या सांडलेल्या घासातच हात शिकत असतो. असे थांबणे हीदेखील सेवाच आहे.