तान्ह्याचं बोचकं

वर्धा जिल्ह्याचा इतिहास कापसाच्या गाठींवरून सांगता येतो. १८६२ मध्ये नागपुरातून हा जिल्हा वेगळा झाला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. हिंगणघाटचा कापूस तर विलायतेच्या बाजारात नावानं ओळखला जाई. या साऱ्याच्या नोंदी आहेत. त्याच गाड्यांतून लेकुरवाळ्या बायाही जात. त्यांच्या बोचक्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

त्या बोचक्यातही कापूसच असे. गिरणीतून लुगडं नाहीतर धोतर होऊन तो घरी आलेला असे. वर्षानुवर्षं धुऊन कापड मऊ पडलं, की त्याची दुपटी, लंगोट, टोपडी होत. कोऱ्या कापडाची खळ तान्ह्याला टोचते. जुनं कापड ओल टिपतं, धुतलं की चटकन वाळतं. रांगत्या पोरासाठी दशम्या आणि फिरकीचा तांब्या. आमची दादी म्हणायची, एक जुनं लुगडं बोचक्यात सगळ्यात वर ठेवावं. तेच झोळी, तेच उन्हात सावली, तेच पाजताना आडोसा.

आता एकदा वापरून फेकायचे लंगोट दुकानात मिळतात. बाईचे कष्ट वाचले, हे बरंच झालं. पण घरात आजी असेल, तर तिच्या बोचक्यात काय काय असायचं, ते विचारून लिहून ठेवा. गाठींचा हिशेब दप्तरात आहे. हा फक्त तिच्याजवळ आहे.