हत्यार, परवाना आणि मुभा

खंडेनवमी-दसऱ्याला पोलीस मुख्यालयांत रायफली ओळीने मांडून त्यांना झेंडू वाहतात. नवी मुंबई पोलिसांचं मुख्यालय रोडपालीत आहे. तिथून जवळच कळंबोलीचा लोखंड बाजार. त्याच दिवशी तिथले ट्रकवाले जॅक आणि पान्यांना हळदकुंकू लावतात. रायफल असो की पाना, मराठीत दोन्ही ‘हत्यार’च. हा शब्द हत्येवरून आला असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. त्याचं मूळ ‘हस्त’, प्राकृतात ‘हत्थ’, म्हणजे आपला हात. हाताने चालवायचं ते हत्यार. म्हणून सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा आणि गवंड्याची थापी ही सगळी हत्यारंच, त्यात कोणाला काही खटकत नाही. ‘शस्त्र’ मात्र ‘शस्’ या कापणं, मारणं अशा अर्थाच्या धातूवरून आलं. त्याची ओळख हातावरून होत नाही, जखमेवरून होते.

हा भेद 1959 च्या शस्त्र कायद्यातही सापडतो. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू ते शस्त्र. निव्वळ घरकामाची किंवा शेतीची वस्तू, लाठी, साधी चालायची काठी, या त्यातून वगळल्या आहेत. मग कोयत्याचं काय? बांधावर निघालेल्या आगरी शेतकऱ्याच्या हातात असेतो तो हत्यार. पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातमीत तोच शस्त्र होतो. लोखंडात काही बदललेलं नसतं, माणसाचा हेतू तेवढा बदललेला असतो. निदान या एका बाबतीत कायदा वस्तूपेक्षा हेतूकडे पाहतो, हे मला शहाणपणाचं वाटतं. बंदुकीची पाळी आली की मात्र हे शहाणपण तो बाजूला ठेवतो.

‘बंदूक’ मुळात एक फळ आहे. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट. ते काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातून येई, म्हणून ग्रीकांनी त्याला ‘पाँटिक’ म्हटलं आणि अरबांनी त्याचं बुंदुक केलं. पुढे त्या फळाएवढी मातीची गोळी धनुष्यातून मारू लागले, तिलाही बुंदुकच म्हणत. मग ती गोळी फेकणाऱ्या नळीला हे नाव चिकटलं आणि फारसी-तुर्कीची वाट धरून ते आपल्याकडे आलं. तोफ तुर्कीतून आली, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून. ‘दारू’ फारसीत औषध होती. आपण ती बंदुकीत ठासली आणि पेल्यातही ओतली. फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात एक आख्खा शस्त्रवर्ग आहे. तरी साडेतीनशे वर्षांनीही गावकरी ‘बंदूक’च म्हणतात. भाषेत कोणता शब्द राहावा यावर राजाचंही काही चालत नाही.

आता मुद्द्याचा शब्द, ‘परवाना’. फारसीत तो दिव्यावर झेप घेणारा पतंगही आहे, पण दफ्तरात तो वरून खाली जाणारा हुकूम. मराठी कागदांत धन्याकडून कारकुनाला, कारकुनाकडून ठाणेदाराला ‘परवाना’ जाई. ‘परवानगी’ त्याचीच लेक. इंग्रजांना ‘लायसन्स’ला देशी शब्द हवा होता, तेव्हा नेमका हाच हाताला लागला. निवड अचूकच म्हणायची, कारण परवान्यात मागणाऱ्याचं स्वतःचं काहीच नसतं. देणारा देतो म्हणून ते असतं आणि नको वाटलं की तो परत घेतो. याच्या शेजारी ‘हक्क’ ठेवून पाहा. अरबीत हक्क म्हणजे सत्य. जुन्या मराठीत ‘हक्कलाजिमे’ वतनाबरोबर वंशपरंपरेने चालत, त्यांच्यासाठी दर साली अर्ज करायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती.

बंदूक सरसकट परवान्याखाली आली ती लॉर्ड लिटनच्या 1878 च्या कायद्याने. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना सूट मिळाली आणि बाकीच्यांनी अर्ज करायचा होता. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके उठले. त्यांचं जन्मगाव शिरढोण, पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की येतं. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारा हा माणूस रामोशांना जमवून डोंगरात शिरला. मे 1879 मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या तुकडीने पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली इथे छापे घातले. घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या फौजेने नाईकांना गाठून ठार केलं. फडके जुलैत पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात वारले. सरकारच्या लेखी पळस्प्याचा प्रकार ‘दरोडा’ होता, फडक्यांच्या लेखी ‘बंड’. ज्यांची घरं लुटली गेली त्यांना या दोहोंपैकी कोणता शब्द पटला असता, याचा अंदाज करणं अवघड नाही. फडक्यांना आद्य क्रांतिकारक म्हणताना त्या घरांचाही विचार व्हावा. बंदूक सरकारवर रोखली तरी पहिला चटका बहुधा शेजाऱ्यालाच बसतो.

शस्त्र कायद्याविरुद्ध काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव केले. गांधीजींसारख्या अहिंसकानेही एका आख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोजला. 1930 मध्ये त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याचीही एक होती. कराचीच्या 1931 च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क म्हणून आला. शब्द पाहा, हक्क! सतरा वर्षांनी, डिसेंबर 1948 मध्ये, संविधान सभेत ह. वि. कामतांनी तोच शब्द पुन्हा पुढे केला. बाबासाहेबांनी तो नाकारला. बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घ्यायची मोकळीक मिळाली तर राज्यकारभार चालायचा कसा, अशी त्यांची शंका होती. जातीच्या आणि धर्माच्या नावाने माणसं मारली जात होती त्या काळातली ही शंका, तिचं वजन कमी लेखता येत नाही. पण शंका त्या काळाची होती आणि बंदोबस्त कायमचा झाला.

शस्त्राचा हक्क गेला आणि संविधानाच्या मराठी प्रतीत एकोणिसाव्या अनुच्छेदात एक वेगळाच शब्द आला: ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क. विना अधिक शस्त्र. घाईत वाचणाऱ्याला त्यात ‘विनाश’ दिसतो. इतका साधा अर्थ आणि तो असा दचकवणारा! सरकारी मराठीत असे अपघात नवे नाहीत.

पुढे 1959 चा कायदा आला, पण परवाना तसाच राहिला. रोडपालीच्या माणसाने बंदुकीसाठी अर्ज करायचा तो पोलीस आयुक्तांकडे, आयुक्तालयाबाहेरच्या रायगडकराने जिल्हाधिकाऱ्यांकडे. एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत, 2019 च्या दुरुस्तीने त्या दोनवर आल्या. तळकोकणात शेतीसंरक्षणाचे परवाने असतात, रानडुकरं आणि वानरं हाकायला. निवडणूक लागली की ठासणीच्या त्या जुन्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा करायच्या. रानडुकराला आचारसंहिता लागू नसते, ही तक्रार मी शेतकऱ्यांच्या तोंडून हसत हसतही ऐकली आहे आणि रागानेही. सरसकट जमा करून घेऊ नका, प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं आहे. त्यासाठी छाननी समित्याही असतात. तरी ‘सगळ्यांनी जमा करा’ हे वाक्य कारकुनाला सोपं पडतं.

इथे मला एक शब्द सुचवायचा आहे, ‘मुभा’. अरबी ‘मुबाह’वरून आला. इस्लामी धर्मशास्त्रात मुबाह म्हणजे जे कर्तव्यही नाही आणि निषिद्धही नाही ते. ज्याने त्याने आपलं ठरवावं, कोणाला विचारायचं कारण नाही. परवान्यात ‘नाही’ आधी असतं आणि ‘हो’ मागून घ्यावं लागतं. मुभेत ‘हो’ आधीच असतं, ‘नाही’ म्हणणाऱ्याने कारण द्यायचं. घराघरात बंदूक हवी असं मी म्हणत नाही. गुन्हेगाराला, मारझोडीची तक्रार असलेल्याला, मन ठिकाणावर नसलेल्याला ती नकोच. पण उरलेल्या सरळमार्गी माणसाने आपण धोकादायक नाही हे आधी सिद्ध करावं, हा 1878 चा संशय स्वराज्यात का चालू राहावा?

बंदूक हाती असली म्हणजे सरकार वचकून राहतं, असं अमेरिकेत मानतात. आमच्या भागाचा अनुभव वेगळा आहे. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. त्याला नाव मिळालं ‘भूसंपादन’. संपादकही त्याच ‘संपादन’चा, पण तो निदान लेखकाला विचारतो. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. परवान्याची गरज नसलेल्या बंदुका फक्त एका बाजूला होत्या. तरीही पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व सरकारला मानावं लागलं. ते काडतुसाने मिळालेलं नाही, गावंच्या गावं एकत्र बसली म्हणून मिळालं. म्हणून सरकारला आवरायचं मुख्य साधन बंदूक आहे, हे मला पटत नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. सरकारने ‘नाही’ म्हणताना तोंड उघडावं.

तशी सोय कायद्यात आहेच, वापरणारे थोडे. शस्त्र कायद्याच्या कलम 14 प्रमाणे परवाना नाकारताना अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. अर्जदाराने मागितली की त्यांचा गोषवारा द्यावा लागतो, सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच तो रोखता येतो. कलम 18 खाली अपील आहे. तेव्हा अर्ज फेटाळला गेला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका, कारणं लेखी मागा.