कोल्हापुरी पायताण : कष्टकऱ्यांच्या पायातील कारागिरी

लग्नसमारंभात झब्ब्याखाली मिरवणारी कोल्हापुरी चप्पल मुळात शेतकऱ्याची आणि गुराख्याची वहाण होय. खडकाळ माळ, उन्हाने तापलेली जमीन आणि बाभळीचे काटे यांपासून पायांचे रक्षण करणे, हे तिचे पहिले काम. तिचा जाड तळ, रुंद पट्टा आणि घट्ट अंगठा या गोष्टी शोभेसाठी नव्हे, तर गरजेतून आलेल्या आहेत.

या वहाणेचे खरे मर्म कातडे कमावण्यात आहे. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरील केस आणि मांसाचे अंश काढून टाकतात. त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात ते मुरवले जाते. पुढे कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात, त्यात साल भरतात आणि झिरपणारा काढा पुन्हा पुन्हा वरून ओततात. क्रोमच्या क्षारांनी हेच काम कारखान्यात एखाद-दोन दिवसांत उरकते. या पद्धतीत मात्र कित्येक आठवडे जातात. ज्या बाभळीच्या काट्यापासून पाय वाचवायचा, तिच्याच सालीने वहाणेचा तळ पक्का व्हावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. कातडे कमावण्याचे हे काम परंपरेने ढोर समाजाने, तर वहाणा शिवण्याचे काम चर्मकार समाजाने सांभाळले.

तळासाठी म्हशीचे जाड कातडे वापरतात. ते ओले करून ठोकतात आणि रापीने आकारात कापतात. तळाचे थर, टाच आणि दोन्ही बाजूंचे कान आरीने भोके पाडून कातड्याच्याच वादीने शिवले जातात. अस्सल जोडात खिळा नसतो. पट्ट्यावरील नाजूक वेणी बहुधा शेळीच्या मऊ कातड्याची असते. अनेक घरांत कापणी पुरुषांकडे, तर वेणी आणि शिलाई स्त्रियांकडे असते. एका जोडामागे अशा प्रकारे सबंध कुटुंबाचे श्रम असतात. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे तिचे अनेक प्रकार असून कापशी हे नाव कागल तालुक्यातील गावावरून पडले आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) या व्यवसायाला राजाश्रय लाभला. मात्र ही कला एकट्या कोल्हापूरची नाही. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे संयुक्त आहे. अथणी आणि निपाणी येथील कारागिरांचा या परंपरेतील वाटा मोठा आहे.

मानांकनाने नावाचे रक्षण होते; हाताला काम मिळेलच असे नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यानंतर कातड्याची टंचाई वाढली. रेक्झिन आणि रबरी तळाच्या स्वस्त नकला याच नावाने विकल्या जातात. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने याच घडणीच्या चपला सादर केल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणास्थान मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जगाने दखल घेतली, ही आनंदाची गोष्ट खरी. पण त्या किमतीतील किती वाटा आरी धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो, हाच खरा प्रश्न आहे.

ग्राहकाने म्हणूनच जोड पारखून घ्यावा. वनस्पतीच्या काढ्यात कमावलेल्या कातड्याला विशिष्ट वास असतो आणि त्याचा रंग वापराने गडद होतो. तळाची कड पाहिली, की थर आणि वादीची शिलाई दिसते. नकली जोडात तेथे गोंद आणि पुठ्ठा आढळतो. नवा जोड सुरुवातीला पायाला लागतो. त्याला खोबरेल वा एरंडेल तेल लावून रोज थोडा वेळ वापरावा, म्हणजे तो पायाच्या आकारात बसतो. पावसाळ्यात तो बाजूला ठेवावा. भिजल्यास सावलीतच वाळवावा. वादी तुटली तर जोड टाकू नये, ती नव्याने घालता येते.

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये घासाघीस करताना एवढे ध्यानात ठेवावे, की आपण केवळ चपलेची किंमत ठरवीत नसतो. कारागिराच्या मुलाने पुढे आरी हाती घ्यावी की नाही, याचाही निर्णय तेथेच होत असतो.