ओझर, १९६४ आणि बिनतारी विजेवरचे उड्डाण

१/ इ.स. १९६४. नाशिकजवळच्या ओझर येथे मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. या विमानांची झेप पोटातल्या इंधनावर अवलंबून होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, इंधन वा बॅटरी न बाळगणारे एक छोटे हेलिकॉप्टर हवेत तरंगले.

२/ त्याचे कर्ते रेथिऑन कंपनीतील अभियंते विल्यम ब्राउन. जमिनीवरून सोडलेला मायक्रोवेव्ह लहरींचा झोत हेलिकॉप्टरवरील अँटेना झेलत आणि डायोड त्याची वीज करीत. सुमारे ६० फुटांवर ते सलग १० तास राहिले. मात्र झोताबाहेर जाऊ नये म्हणून त्याला तारांचा आधार द्यावा लागला.

३/ कल्पना जुनीच होती. बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वेटोळ्यात स्पर्शाविना वीज निर्माण करते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. निकोला टेस्ला यांनी १९०१ मध्ये लाँग आयलंडवर बिनतारी प्रक्षेपणाचा मनोरा उभारायला घेतला, जे. पी. मॉर्गन यांनी वाढीव पैसा नाकारला आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला.

४/ ब्राउन यशस्वी झाले, तरी अंतराचा प्रश्न उरला. अंतर वाढते तसा झोत फाकतो. तो एकवटायचा तर प्रचंड अँटेना हवी. शिवाय वाटेत येणाऱ्या माणसांची सुरक्षितता आहेच.

५/ आजचा ड्रोन याच कोंडीत आहे. जास्त वेळ उडायचे तर मोठी बॅटरी हवी. पण बॅटरी मोठी झाली की वजन वाढते आणि ते वजनच वीज खाते. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटांना फवारणीच्या ड्रोनसोबत चार जादा बॅटरीसंच दिले जातात, ते याचसाठी. फवारणी अखंड चालायची तर बांधावर बॅटऱ्यांची अदलाबदल चालूच ठेवावी लागते.

६/ यावरचा आजचा तोडगा टेस्लांपेक्षा फॅरेडेंच्या जवळचा आहे. जमिनीवरच्या चौथऱ्यात एक वेटोळे, ड्रोनच्या पायाशी दुसरे. ड्रोन स्वतः उतरतो, वीज घेतो, पुन्हा उडतो. वेटोळी जवळ आणि समोरासमोर हवीत; थोडे सरकले तरी वीज वाया जाते.

७/ १९६४ मध्ये वीज यंत्राकडे वर चढत होती. आज यंत्र विजेकडे खाली उतरते. स्वप्न लहान झाले, म्हणूनच ते हाताशी आले. पण त्या चौथऱ्यालाही वीज तारेनेच पोहोचते. शिवारात ती तार जिवंत नसेल, तर बॅटऱ्यांचे ओझे पुन्हा माणसाच्याच खांद्यावर येते.