मराठी ब्लॉगच्या सगळ्या लेखांची यादी शीटमध्ये कशी आणायची?

ब्लॉगरवर मराठी शीर्षक देऊन लेख प्रसिद्ध केला की त्याचा पत्ता काय तयार होतो, ते एकदा बघा. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर ब्लॉगर त्यातलं काहीच घेत नाही. पहिल्या लेखाला नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’, पुढच्यांना ‘ब्लॉग-पोस्ट_12’, ‘ब्लॉग-पोस्ट_47’ असले पत्ते मिळतात. इंग्रजी ब्लॉगच्या नुसत्या लिंका जपून ठेवल्या तरी कुठला लेख कुठे आहे ते कळतं, आपल्याकडे तसं होत नाही. म्हणून शीर्षक, लिंक आणि तारीख शेजारी शेजारी असलेली यादी मराठी ब्लॉगवाल्याला जास्त गरजेची.

‘बॅकअप घेतलाय की!’ असं बरेच जण म्हणतात. बॅकअप घ्यायलाच हवा, पण ती एक्सएमएल फाइल असते. लेख, कॉमेंट सगळं एकत्र कोंबलेलं. एक्सेलमध्ये उघडून वाचण्यासारखी ती नसतेच. यादीसाठी फीड वापरायची. गुगल शीट्समध्ये त्यासाठी इम्पोर्टफीड नावाचं तयार सूत्र आहे.

ब्लॉगरसाठी पत्ता असा बनतो: तुमच्या ब्लॉगचा पत्ता, तिरपी रेघ, फीड्स, तिरपी रेघ, पोस्ट्स, तिरपी रेघ, समरी. पुढे प्रश्नचिन्ह देऊन ‘ऑल्ट’ बरोबर आरएसएस, मग अँडचं चिन्ह आणि ‘मॅक्स-रिझल्ट्स’ बरोबर 150, पुन्हा अँडचं चिन्ह आणि ‘स्टार्ट-इंडेक्स’ बरोबर 1. हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायचं. समरीऐवजी ‘डिफॉल्ट’ लिहिलं तरी चालतं, पण मग अख्खे लेख येतात, फीड जड होते आणि शीट कधीकधी ती घेतच नाही.

आता रिकाम्या शीटच्या पहिल्या चौकटीत बरोबरचं चिन्ह, इम्पोर्टफीड आणि कंस. कंसात अवतरणात हा पत्ता, स्वल्पविराम, मग अवतरणात ‘आयटम्स’ हा शब्द, पुन्हा स्वल्पविराम आणि शेवटी ट्रू. एंटर मारलं की शीर्षक, लेखक, लिंक, तारीख आणि थोडा मजकूर असे रकाने भरतात. लेख 150 पेक्षा जास्त असतील तर यादी संपते तिथे खाली तेच सूत्र पुन्हा, फक्त स्टार्ट-इंडेक्स 151. मग 301. काहीच आलं नाही तर ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये साइट फीड बंद आहे का ते बघा. मसुदे फीडमध्ये येत नाहीत, आणि फक्त निवडक लोकांसाठी ठेवलेल्या ब्लॉगवर ही युक्ती चालत नाही.

वर्डप्रेसवाल्यांनी ब्लॉगच्या पत्त्यापुढे फक्त ‘फीड’ लावायचं. तिथे मुळात 10 लेख येतात, रीडिंगच्या सेटिंगमध्ये आकडा वाढवता येतो. वर्डप्रेस देवनागरी पत्ता स्वीकारतो, पण आत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त यांचे नऊ-नऊ इंग्रजी चिन्हं करून ठेवतो. ‘कान्हेरी’ एवढ्या शब्दाची 72 चिन्हं! लेखाच्या नावासाठी मर्यादा 200 चिन्हांची, म्हणून लांब मराठी शीर्षकं पत्त्यात मध्येच तुटलेली दिसतात. शीटमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसली तर घाबरू नका, लिंक चालते.

यानंतरची पायरी लोक हमखास विसरतात. ही यादी जिवंत सूत्रातून आलेली आहे. उद्या ब्लॉग बंद झाला तर यादीही जाईल, म्हणजे नेमकी हवी तेव्हा नसेल. हे काही काल्पनिक नाही. याहूने जिओसिटीज 2009 मध्ये बंद केलं तेव्हा फुकट जागेवरची असंख्य पानं गेली. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकण्याचं धोरण गुगलनेही 2023 मध्ये जाहीर केलंय. तेव्हा सगळी यादी निवडून कॉपी करा आणि दुसऱ्या शीटमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबून नुसती मूल्यं चिकटवा.

तारीख मात्र मजकूर म्हणून येते, आधी वार आणि मग 08 एप्रिल 2014 अशा थाटात, त्यामुळे क्रम लावता येत नाही. मिड सूत्राने सहाव्या अक्षरापासून 11 अक्षरं काढा, ती डेटव्हॅल्यूमध्ये घाला आणि रकान्याला तारखेचं रूप द्या. वेळ ग्रीनिचची असल्याने पहाटे टाकलेला लेख आदल्या दिवशीचा दिसेल, तेवढं चालवून घ्या.

संगणकावर उतरवताना सीएसव्ही नको, एक्सेलची फाइल निवडा. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा चिखल होतो. ती आधीच उतरवली असेल तर एक्सेलच्या डेटा टॅबमधून मजकूर फाइल आत घ्या आणि 65001, म्हणजे युनिकोड यूटीएफ-8, निवडा.

यादीचा खरा उपयोग पुढे आहे. मी उपनगरांतल्या जागांवर लिहितो, त्यामुळे लेखाच्या शेवटी ‘कसं जायचं’ हे असतंच. यादीत मी दोन रकाने वाढवलेत: ‘भाग’ आणि ‘तपासायचं’. अंधेरी आणि घाटकोपरच्या ज्या लेखांची तारीख 8 जून 2014 च्या आधीची, ते सगळे तपासायचे, कारण त्या दिवशी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि साकीनाक्याच्या बसगर्दीची वर्णनं जुनी झाली. जोगेश्वरी-गोरेगावच्या लेखांसाठी तारीख 22 डिसेंबर 2016, राममंदिर स्टेशनची. बोरिवलीचे कान्हेरी आणि मंडपेश्वर लेण्यांवरचे लेख 2 एप्रिल 2022 च्या आधीचे असतील तर त्यांत राष्ट्रीय उद्यान आणि मंडपेश्वर ही मेट्रो स्टेशनं नाहीत. मुलुंडच्या लेखांना अजून अशी तारीख लावलेली नाही. वाचणारा मुलाबाळांना घेऊन निघतो, तो आपल्या भरवशावर, आणि लेख किती जुना आहे हे मोबाइलवर बघतो कोण?

पत्ते सुधारायच्या भानगडीत मात्र पडू नका. जुन्या लेखाचा पत्ता बदलला की लोकांनी इतरत्र दिलेल्या लिंका तुटतात. नव्या लेखासाठी प्रसिद्ध करण्याआधी पर्मालिंकमध्ये ‘कस्टम’ निवडून इंग्रजी अक्षरांत ‘गिल्बर्ट-हिल’ असं नाव द्या. जुने ‘ब्लॉग-पोस्ट_47’ तसेच राहू द्या, त्यांचं शीर्षक आता शीटमध्ये आहे.