शुगरच्या पट्टीचा मागोवा

साठवलेल्या कांद्यावर जी काळी भुकटी धरते, ती ॲस्परजिलस नायजर ही बुरशी. बोटावरच्या रक्ताच्या थेंबातून शुगर सांगणाऱ्या पट्टीचं मूळ याच बुरशीत सापडतं.

मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी हेरलं होतं. 1776 मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी अशी लघवी आटवून खाली उरलेली साखर दाखवली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेनेडिक्टचं निळं द्रावण आलं. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवलं, की साखरेप्रमाणे रंग हिरवा, पिवळा, विटकरी होई. पण दुसऱ्या काही शर्करांनीही तो बदलायचा.

नेमकं ग्लुकोज ओळखणारं विकर 1928 मध्ये डेटलेव म्युलर यांना काळ्या बुरशीत मिळालं: ग्लुकोज ऑक्सिडेज. मधमाशीही मधात हे विकर मिसळते आणि त्यातून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मधाला जंतूंपासून वाचवतं. 1962 मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी हे विकर ऑक्सिजन मोजणाऱ्या विद्युतअग्रावर बसवण्याची कल्पना मांडली. ग्लुकोज जास्त, तर ऑक्सिजन जास्त खर्ची पडणार आणि विद्युतप्रवाह तेवढा घटणार. 1984 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीन हे लोहयुक्त संयुग वापरलं आणि 1987 मध्ये पेनाएवढं यंत्र बाजारात आलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईचं ‘सुचेक’ 2014 मध्ये सादर झालं.

आजच्या पट्टीच्या टोकाशी केसासारखी बारीक फट असते. ती थेंब स्वतःच ओढून घेते. आत वाळवून बसवलेलं विकर ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, मध्यस्थ रसायन ते विद्युतअग्रापर्यंत पोचवतं आणि काही सेकंदांत आकडा दिसतो. साखर ओळखतं विकर, यंत्र फक्त वीज मोजतं. बऱ्याच पट्ट्यांत आता ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे दुसरं विकर असतं, पण तत्त्व तेच.

या दोन्ही विकरांना ग्लुकोज रक्तातलं की फळातलं, हे मात्र कळत नाही. मध्य प्रदेशातला रामाकोना, सौंसर, पांढुर्णा हा संत्र्याचा मुलूख. संत्रं सोललेल्या बोटाला रस चिकटलेला असेल, तर शुगर खोटीच वाढलेली दिसते. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं, तर जिवावर बेतू शकतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका. आधी साबणाने हात धुवा, कोरडे करा, मगच बोट टोचा.