कॉनरॉय, केव्हिन

कॉनरॉय, केव्हिन : (३० नोव्हेंबर १९५५–१० नोव्हेंबर २०२२). अमेरिकन नट. ‘बॅटमॅन’ या व्यक्तिरेखेला तीस वर्षे दिलेल्या आवाजासाठी विशेष प्रसिद्ध. जन्म न्यूयॉर्क राज्यातील वेस्टबरी येथे. बालपण कनेक्टिकटमधील वेस्टपोर्टमध्ये गेले. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड या नामवंत संस्थेत त्यांना शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. तेथे जॉन हाउसमन हे त्यांचे गुरू आणि रॉबिन विल्यम्स हे खोलीतले सोबती. पुढे शेक्सपिअरची नाटके, दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिका, ‘टूर ऑफ ड्यूटी’ ही युद्धमालिका अशी कामे ते करत राहिले, पण घरोघरी नाव पोहोचेल असे यश हाती लागले नाही. ते लाभले ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’मुळे. ५ सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या या मालिकेचे ८५ भाग झाले. तिच्या निवडचाचणीपूर्वी कॉनरॉय यांनी कार्टूनसाठी आवाज दिलेला नव्हता आणि बॅटमॅनची कॉमिक्सही वाचलेली नव्हती.

कार्टूनमागच्या नटाविषयी एक समज रूढ आहे : लोकांचे प्रेम पात्रावर असते, आवाज देणारा निमित्तमात्र. कॉनरॉय यांची कारकीर्द हा समज खोडून काढते. त्यांना मिळालेले प्रेम त्यांनी घेतलेल्या एका नेमक्या अभिनय-निर्णयाला मिळालेले होते. ब्रूस वेन हा धनिक आणि बॅटमॅन हा रात्रीचा रक्षक, या एकाच माणसाच्या दोन रूपांसाठी त्यांनी दोन आवाज योजले. ब्रूसचा आवाज हलका, थोडा खेळकर, मेजवानीत शोभणारा. बॅटमॅनचा खालच्या पट्टीतला, घशातून आलेला, श्वास मिसळलेला आणि मुख्य म्हणजे न ओरडणारा. धाक बसवण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ही कल्पना त्यांना ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ या १९३४ च्या चित्रपटातील दुहेरी आयुष्य जगणाऱ्या नायकावरून सुचली. त्याहून बारकावा असा, की एकांतात, विश्वासू सेवक आल्फ्रेडशी बोलताना ब्रूस बॅटमॅनच्याच आवाजात बोलतो. म्हणजे मुखवटा बॅटमॅनचा नसून ब्रूसचा, हा अर्थ संवादात कुठेही न सांगता निव्वळ स्वरातून पोहोचला. ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ (१९९३) या चित्रपटात तरुण ब्रूस आईवडिलांच्या थडग्यापाशी सुखी होण्याची जणू परवानगी मागतो. त्या प्रसंगात आवाजाचा सगळा ताबा सुटू देण्याचे धैर्य कॉनरॉय यांनी दाखवले. चित्रातला चेहरा मोजक्या रेषांचा आहे. तिथले दुःख आवाजाचे आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की ब्रूस टिम आणि एरिक रॅडॉम्स्की यांची काळोखी चित्रशैली, पॉल डिनी यांचे लेखन आणि आवाजांच्या दिग्दर्शिका अँड्रिया रोमानो यांची जाण यांनी ती मालिका घडवली; त्या जागी कुणीही चांगला नट चालला असता. या सर्वांचा वाटा मोठा आहेच. रोमानो नटांना शक्यतो एकत्र बसवून ध्वनिमुद्रण करत, म्हणून बॅटमॅनचा वैरी जोकर याच्या भूमिकेतील मार्क हॅमिल आणि कॉनरॉय यांची जुगलबंदी जिवंत वाटते. पण नट बदलूनही पाहिले गेले. २००४ पासूनच्या ‘द बॅटमॅन’मध्ये रीनो रोमानो, ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’मध्ये डीड्रिक बेडर, ‘आर्कम ओरिजिन्स’ (२०१३) या गेममध्ये रॉजर क्रेग स्मिथ यांनी तीच भूमिका केली. ही कामे वाईट नव्हती, बेडर यांचे तर खास वेगळे आहे. तरीही ‘आर्कम असायलम’ (२००९) हा गेम करताना निर्मात्यांनी कॉनरॉय यांनाच बोलावले, आणि ‘आर्कम सिटी’ (२०११) व ‘आर्कम नाइट’ (२०१५) यांतही तेच राहिले. तिथे चित्रशैली जुन्या मालिकेची नव्हती, माध्यमही दुसरे होते. लहानपणी मालिका पाहिलेली आणि आता मोठी झालेली पिढी ज्या धाग्याने या गेमशी जोडली गेली, तो या आवाजाचा होता.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. अमेरिकेतील कॉमिक्स मेळाव्यांत नटांच्या सह्या आणि छायाचित्रे पैसे मोजून मिळतात. मग या नात्याला आपुलकी का म्हणावे? पैशाची देवघेव होते हे खरे, आणि आवाजाच्या नटांना ती नाकारणे अन्यायाचे होईल, कारण पडद्यावरच्या नटांचे मानधन त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. मात्र देवघेवीने सगळ्याचा उलगडा होत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॉनरॉय न्यूयॉर्कमध्ये बचावकार्य करणाऱ्यांसाठी स्वयंपाक करत होते. सोबतच्या एकाने त्यांची ओळख फोडली. जेवायला बसलेल्यांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातूनच बॅटमॅनच्या आवाजात त्याचे ठरलेले वाक्य म्हटले, आणि थकलेली माणसे हसली. तिथे तिकीट नव्हते, सहीही नव्हती. चेहऱ्याने कुणी न ओळखलेला माणूस आवाज ऐकताच आपला झाला.

एकाच भूमिकेचा शिक्का बसला, हा तिसरा आक्षेप मात्र पुरता खोडता येत नाही. ज्युलिअर्डमध्ये घडलेल्या नटाचा पल्ला यापेक्षा मोठा होता आणि रंगभूमीला ते पुरेसे लाभले नाहीत. तरी त्या भूमिकेच्या चौकटीत त्यांनी पुष्कळ फिरून घेतले : ‘बॅटमॅन बियाँड’मध्ये (१९९९–२००१) म्हातारा, कडवट ब्रूस, दुसऱ्या एका मालिकेच्या भागात चक्क गाणारा बॅटमॅन, डिसेंबर २०१९ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या दूरचित्रवाणी कथेत प्रत्यक्ष देहाने साकारलेला खचलेला ब्रूस वेन. याच भूमिकेने त्यांना स्वतःविषयी बोलण्याची वाटही दिली. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि २०२२ मध्ये ‘फाइंडिंग बॅटमॅन’ ही छोटी चित्रकथा लिहिली. जे. बोन यांनी ती रेखाटली. तिची अक्षरे भारतीय अक्षरकार आदित्य बिडीकर यांची. वडिलांचे व्यसन, भावाचा मानसिक आजार, नाटकसिनेमाच्या धंद्यात ऐकावे लागलेले अपमान आणि वर्षानुवर्षे पांघरलेला मुखवटा यांतूनच तो आवाज आला, असे या कथेत ते सांगतात. चाहत्यांनी ती उराशी धरली. २०२३ मध्ये तिला सर्वोत्तम लघुकथेसाठीचा आयस्नर हा कॉमिक्स-क्षेत्रातील पुरस्कार मिळाला, पण तो पाहायला कॉनरॉय नव्हते. आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

त्यानंतर, कॉनरॉय नसतील तर आपणही जोकर करणार नाही, असे हॅमिल यांनी जाहीर केले. २०२४ च्या आरंभी आलेल्या ‘सुइसाइड स्क्वाड : किल द जस्टिस लीग’ या गेममध्ये कॉनरॉय यांच्या आवाजातला बॅटमॅन मारला जातो. अनेकांना ते मनाला लागले. बॅटमॅन कॉमिक्समध्ये आधीही मेला आहे आणि परतला आहे. या आवाजाला तशी सोय नव्हती. त्याच वर्षी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या अ‍ॅनिमेशनपटाच्या तिसऱ्या भागात, त्यांनी हयातीत मुद्रित करून ठेवलेले संवाद हॅमिल यांच्या जोकरबरोबर ऐकायला मिळाले.